चिंचिलाची किंमत आणि नव्या घराची पारख

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मुलांच्या हट्टापायी येणाऱ्या प्राण्यांची यादी आता कुत्रा, मांजर आणि माशांच्या काचपेटीपुरती राहिलेली नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हॅमस्टर, गिनीपिग, ससा यांच्या जोडीने चिंचिला नावाचा करड्या रंगाचा, गुबगुबीत, मोठ्या कानांचा प्राणीही पाळला जातो. (नावाचा आणि चिंचेचा काडीचाही संबंध नाही, दक्षिण अमेरिकेतील चिंचा या लोकसमूहावरून ते पडले, असे मानले जाते.) मुलगा सातवी-आठवीत असताना आणलेला हा प्राणी मुलगा नोकरीला लागला तरी पिंजऱ्यात ठणठणीत असतो. मग कधी बदली होते, कधी घरात दम्याचा त्रास सुरू होतो, कधी कुटुंब मायदेशी परतायचे ठरवते. आणि प्रश्न उभा राहतो, याला द्यायचे कोणाला आणि कितीला?

हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही. हॅमस्टर जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो. चिंचिला मात्र सहज १० ते १५ वर्षे जगतो. चांगली निगा राखली तर २० वर्षांपर्यंतही पोहोचतो. गिनीजच्या नोंदीतील सर्वांत दीर्घायुषी चिंचिला २०१४ मध्ये मरण पावला तेव्हा त्याने २९ वर्षे पूर्ण केली होती. म्हणजे पाच वर्षांचा चिंचिला दुसऱ्याला देणारा माणूस पुढच्या दहा-पंधरा वर्षांची जबाबदारी परक्याच्या हाती सोपवत असतो. त्यामुळे जुना फ्रीज विकताना जो हिशेब केला जातो, तो येथे चालत नाही.

अँडीजचा रहिवासी

चिंचिला मूळचा अँडीज पर्वतराजीतला. चिली, पेरू, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना या देशांच्या उंच, कोरड्या, थंड आणि खडकाळ भागांत तो कळपाने राहत असे. त्याची मऊ फर हेच त्याचे दुर्दैव ठरले. माणसाच्या डोक्यावर एका छिद्रातून सहसा एखाद-दोन केस उगवतात. चिंचिलाच्या कातडीत एकेका छिद्रातून ५० हून अधिक केस निघतात. एका कोटासाठी शंभराहून अधिक प्राणी मारावे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकार इतकी वाढली, की १९१० मध्ये या चारही देशांनी मिळून ती थांबवण्याचा करार केला. परंतु तोवर बहुतेक डोंगर रिकामे झाले होते. १९२३ मध्ये मॅथायस चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने चिलीमधून ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. आज अमेरिकेतील पिंजऱ्यांत दिसणारे बहुसंख्य चिंचिला त्या मोजक्या प्राण्यांचे वंशज समजले जातात. रानातील दोन्ही जाती आजही संकटग्रस्त आहेत. त्यांच्यासाठी चिलीने १९८३ मध्ये इयापेल शहराजवळ स्वतंत्र राखीव क्षेत्र स्थापन केले. भारतानेही २०१७ च्या जानेवारीत मिंक आणि कोल्ह्याबरोबर चिंचिलाच्या फरच्या आयातीवर बंदी घातली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की प्राणी पिंजऱ्यात जन्मला तरी त्याचे शरीर अँडीजचेच राहिले आहे. त्याला घाम येत नाही. १० ते २० अंश सेल्सियस हे त्याला मानवणारे तापमान. पारा २५ च्या वर गेला आणि हवेत दमटपणा असला, की उष्माघाताचा धोका सुरू होतो. कान लालबुंद होणे ही त्याची पहिली खूण. अंगावरची फर इतकी दाट, की पाण्याने भिजली तर लवकर वाळत नाही. म्हणून तो पाण्याने नव्हे, तर ज्वालामुखीच्या दगडाच्या अत्यंत बारीक धुळीत लोळून स्वच्छ होतो. दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायला सतत गवत चघळावे लागते. दिवसा झोपणे, संध्याकाळनंतर उड्या मारणे हा त्याचा दिनक्रम. नव्या घराची पारख करताना आणि किंमत ठरवतानाही हेच मुद्दे पुन्हा पुन्हा समोर येतात.

किमतीचा हिशेब

अमेरिकेत साध्या करड्या रंगाच्या तरुण चिंचिलाला दुकानात किंवा पैदासकाराकडे साधारण १५० ते २५० डॉलर मोजावे लागतात. बेज, पांढरा, मखमली काळा, जांभळट किंवा निळसर झाक असलेला असे रंग वाढत जातात तशी किंमतही चढत जाते. घरी वाढवलेला प्राणी देणाऱ्याची पहिली चूक येथेच होते. तो दुकानातली किंमत पाहतो, त्यात पिंजऱ्याचे, खाद्याचे आणि डॉक्टरांच्या बिलाचे पैसे मिळवतो आणि पाचशे-सहाशे डॉलरचा आकडा सांगून मोकळा होतो. खर्च खराच झालेला असतो, यात शंका नाही. परंतु तो सांभाळण्याचा खर्च होता. तो नव्या माणसाकडून वसूल करण्याची अपेक्षा म्हणजे मुलाच्या शाळेची फी सासरच्यांकडून मागण्यासारखे झाले.

व्यवहार समजून घ्यायचा, तर प्राण्याची किंमत आणि सामानाची किंमत वेगळी मांडणे उत्तम. उंच, दोन मजली, धातूच्या जाळीचा चांगला पिंजरा नवा घेतला तर दोनशे-तीनशे डॉलरना पडतो. काही वर्षे वापरलेल्या, पण न गंजलेल्या पिंजऱ्याला निम्मी किंमत येणे रास्त. कुरतडलेल्या लाकडी फळ्या, धुळीचे भांडे, पाण्याची बाटली, उरलेले गवत यांचे पैसे लावू नयेत. ती वस्तू म्हणून फारशा मोलाची नसली, तरी प्राण्याच्या दृष्टीने तोच त्याच्या घराचा परिचित वास असतो. प्राण्यापुरते बोलायचे, तर दुकानातील किमतीच्या निम्म्यापर्यंतची रक्कम तरुण, निरोगी, माणसाळलेल्या चिंचिलाला वाजवी ठरते. शक्य तर तीदेखील विक्रीची किंमत न म्हणता दत्तक शुल्क म्हणावी. निव्वळ शब्दाचा खेळ वाटला, तरी ‘मी विकत घेतले आहे, आता काहीही करीन’ ही भावना त्याने थोडी बोथट होते.

वय वाढले की आकडा उतरतो. आठ-दहा वर्षांच्या चिंचिलाला पैसे मागण्यापेक्षा त्याच्यासाठी शांत घर मिळणे महत्त्वाचे, आणि तेथे पिंजरा विनामूल्य देणे हाच शहाणपणा. आजारी प्राण्याच्या बाबतीत तर हिशेब उलटा फिरतो. दातांची मुळे वाढल्याने लाळ गळत असेल, एका बाजूनेच चघळले जात असेल, वजन घटत असेल, तर आधी पशुवैद्याकडून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, तिचा खर्च स्वतः सोसावा आणि निष्कर्ष लेखी द्यावा. चिंचिलाच्या दातांचे दुखणे बहुधा पूर्ण बरे होत नाही. दर काही आठवड्यांनी भूल देऊन दात घासून घ्यावे लागतात आणि त्या बिलांपुढे मूळ किंमत किरकोळ ठरते. ही गोष्ट दडवून प्राणी दिला, तर ती सरळ फसवणूक होय.

रंगाबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. दुर्मिळ रंगाला जी जादा किंमत मिळते, ती रंगामागच्या वंशावळीला मिळत असते. आईबाप, आजे-पणजे कोण, त्यांत कोणाला दातांचा विकार होता काय, याची नोंद ठेवणारा पैदासकार त्या नोंदीचे पैसे घेतो. दुकानातून आणलेल्या पांढऱ्या किंवा मखमली चिंचिलाची वंशावळ कोणालाच ठाऊक नसते. मखमली जातीचे दोन प्राणी किंवा दोन पांढरे एकत्र आणले, तर काही गर्भ पोटातच मरतात. वाकडे दात पिढ्यान्पिढ्या उतरतात. तरीही ‘पैदाशीसाठी उत्तम जोडी’ अशी जाहिरात करून चढा भाव मागणारे भेटतात. असा भाव देणारा माणूस पिल्ले विकून तो वसूल करणार, हे उघड आहे. मादीचा गर्भकाळ साधारण १११ दिवसांचा आणि व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. जास्त किंमत मागून आपण आपल्या प्राण्यासाठी कोणते आयुष्य निवडतो, याचा विचार देणाऱ्याने करावा.

फुकट देण्यातला धोका

मग फुकट का देऊ नये? भाव फार चढा नको हे पटले, की भाबडे मन दुसऱ्या टोकाला जाते. ‘चांगल्या घरी मोफत देणे आहे’ ही ओळ वाचून जे फोन येतात, त्यांत सगळेच चांगल्या घरचे नसतात. अजगर आणि मोठे साप पाळणाऱ्यांना खाद्य म्हणून असे प्राणी चालतात, ही शंका पाश्चात्त्य देशांतील प्राणीसंस्था वर्षानुवर्षे बोलून दाखवत आल्या आहेत. काही जण फुकट मिळेल तेथून प्राणी गोळा करतात आणि आठवड्याभरात पैसे घेऊन दुसऱ्याला विकतात. तिसरा प्रकार सर्वांत सामान्य आणि निरुपद्रवी दिसणारा: रविवारी सकाळी जाहिरात वाचून संध्याकाळी मुलांना घेऊन येणारे कुटुंब. त्यांच्या मनात वाईट काही नसते, विचारही काही नसतो. पन्नास-पाऊणशे डॉलर द्यायचे म्हटल्यावर मात्र माणूस थांबतो, घरी विचारतो, पिंजरा कोठे ठेवायचा याचा अंदाज घेतो. शुल्काचा खरा उपयोग हाच. पैसे घरात ठेवायचे नसतील, तर ते एखाद्या प्राणी निवाऱ्याला देणगी म्हणून द्यावेत. पण घ्यावेत जरूर.

अपवाद एकच. घेणारा अनेक वर्षांच्या ओळखीचा असेल, त्याने चिंचिला सांभाळले असतील, तर पैशाचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

ज्यांना स्वतः घर शोधणे जमत नाही, त्यांच्यासाठी प्राणी निवारे आणि केवळ चिंचिलांचा सांभाळ करणाऱ्या स्वयंसेवी संस्था असतात. परंतु तेथे जागा मोजकी आणि प्रतीक्षायादी मोठी. विमानाचे तिकीट काढून झाल्यावर शेवटच्या आठवड्यात दार ठोठावणाऱ्याला तेथे नकार मिळाला, तर दोष संस्थेचा नसतो. दोन-तीन महिने आधी शोध सुरू करणे हेच बरे. आणि ‘रानात सोडून देऊ’ हा विचार तर मनातही आणू नये. पिंजऱ्यात जन्मलेला चिंचिला मोकळ्यावर उन्हाने, पावसाने किंवा पहिल्याच मांजराच्या तावडीत सापडून मरतो. ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने पाळणाऱ्यावर देखभालीचे कर्तव्य टाकले आहे, आणि १६ वर्षांखालील मुलाला प्राणी विकणे हाही तेथे गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात प्राणी टाकून देणे दंडनीय आहे. भारतातही १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हाच. मात्र पहिल्या गुन्ह्याला ५० रुपयांपर्यंतचा दंड पाहता तो कायदा कोणाला धाक घालत असेल, असे वाटत नाही.

विचारायचे प्रश्न

मुलीसाठी स्थळ पाहताना आपल्याकडे जितकी चौकशी होते, तितकी नको. पण निम्मी तरी व्हावी. पहिला प्रश्न हवेचा. उन्हाळ्यात पिंजऱ्याच्या खोलीचे तापमान किती असते, वातानुकूलन दिवसभर चालते की माणसे घरी असतानाच, वीज गेली तर काय करणार? टेक्सास किंवा अॅरिझोनात राहणाऱ्या कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर अडखळत द्यावे लागले, तर तेथेच थांबावे. दुसरा प्रश्न डॉक्टरांचा. कुत्रा-मांजर तपासणारा प्रत्येक पशुवैद्य चिंचिला तपासू शकत नाही. अशा वेगळ्या प्राण्यांचा जाणकार जवळपास आहे काय, त्याचे नाव घेणाऱ्याला सांगता येते काय, यावरून त्याची तयारी कळते. भाड्याचे घर असेल, तर घरमालकाची परवानगी विचारावी. घरात कुत्रा किंवा फेरेट आहे काय, लहान मुले किती वर्षांची आहेत, हेही विचारावे. घाबरलेला चिंचिला हाताने आवळून धरला तर फरचा पुंजका हातात सोडून निसटतो. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती देण्याजोगे हे खेळणे नव्हे. खाऊ काय देणार, या साध्या प्रश्नावर ‘मनुका, बदाम, सफरचंद’ असे प्रेमळ उत्तर आले, तर रागावू नये. गवत हेच त्याचे खरे अन्न, गोड आणि तेलकट पदार्थ त्याच्या पोटाला मानवत नाहीत, हे समजावून सांगावे आणि ऐकणारा ते कसे ऐकतो ते पाहावे.

शक्य असेल तर प्राणी आपण नेऊन द्यावा. वाहनतळावर भेटून पेटी हातात देण्यापेक्षा घर डोळ्यांनी पाहिलेले बरे. दोन चिंचिला वर्षानुवर्षे एकत्र राहिले असतील, तर त्यांना वेगळे विकू नये. जोडीची एकच किंमत सांगावी, आणि ती दुपटीपेक्षा कमी असावी. नर-मादी ओळखण्यातही अनेकांची फसगत होते; मादीच्या मूत्रमार्गाचा उंचवटा नरासारखाच दिसतो. ‘दोघी बहिणी आहेत’ असे सांगून दिलेल्या जोडीला चार महिन्यांनी पिल्ले झाल्याचे प्रकार याच गोंधळातून घडतात. देण्यापूर्वी पशुवैद्याकडून खात्री करून घेणे हा एक छोटा खर्च आहे, आणि तो देणाऱ्यानेच करावा.

भारतात आणावे काय?

मायदेशी परतणाऱ्या कुटुंबात मुले हटकून म्हणतात, आपण त्याला बरोबर नेऊ. सामानासोबत पाळीव प्राणी आणण्याची जी सोय भारतात आहे, तिचा फायदा प्रत्यक्षात कुत्रा-मांजर आणणाऱ्यांनाच होतो. इतर प्राण्यांसाठी लागणाऱ्या आयात परवान्यांचा मार्ग सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला नाही. बऱ्याच विमान कंपन्या कुरतडणाऱ्या प्राण्यांना प्रवासी कक्षात घेतही नाहीत. त्यातून तो पोहोचलाच, तरी मुंबईचा दमटपणा आणि नागपूरचा मे महिना त्याची वाट पाहत असतो. चोवीस तास वातानुकूलित खोली, वीज गेल्यावर दुसरी सोय आणि आयात केलेले टिमोथी गवत, असा हा संसार आहे.

तरीही आपल्या महानगरांत परदेशी प्राण्यांची हौस वाढते आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आले आणि हस्तांतर, जन्म, मृत्यू यांची माहिती ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळामार्फत देण्याची व्यवस्था झाली. चिंचिला या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. घरगुती पैदाशीच्या प्राण्यांना मात्र करारातच सूट दिलेली आहे. म्हणून पुण्या-मुंबईत असा प्राणी घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही प्राणी कोठून आला याचा लेखी पुरावा जपावा, दुकानदाराकडे २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी आहे काय ते पाहावे आणि पैसे देण्याआधी वन विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा. कागद नाहीत म्हणून स्वस्त मिळणारा प्राणी अखेर महागच पडतो.

निरोपाचा दिवस

हस्तांतरासाठी सकाळची थंड वेळ निवडावी आणि गाडी आधी गार करून घ्यावी. प्राण्याबरोबर एक कागद द्यावा. त्यावर जन्मतारीख किंवा अंदाजे वय, गेल्या काही महिन्यांतील वजनाच्या नोंदी, खाद्याचे नाव आणि मात्रा, धुळीच्या स्नानाचे दिवस, डॉक्टरांचा पत्ता, आणि कशाला घाबरतो, कशाने खूश होतो, हे दोन ओळींत लिहावे. सवयीचे गवत आणि खाद्य किमान दोन आठवडे पुरेल इतके द्यावे. नवे खाद्य त्यात हळूहळू मिसळता येते. एक अट लेखी घ्यावी: सांभाळणे जमले नाही तर प्राणी परस्पर दुसऱ्याला न देता आधी मूळ पाळणाऱ्याला कळवावे. ही अट कायद्याच्या कसोटीला कितपत उतरेल हा वेगळा प्रश्न. घेणारा ती वाचून सही करतो की कां-कू करतो, यावरून बरेच कळते.

घेणाऱ्याच्या घरी आधीचा चिंचिला असेल, तर नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावे. पहिले चार-पाच दिवस त्याला उचलू नये, पाहुण्यांना दाखवू नये. पिंजऱ्याशेजारी बसून हळू आवाजात बोलणे पुरेसे. लेंड्यांवर मात्र लक्ष ठेवावे. त्या लहान किंवा कमी झाल्या, किंवा बारा तासांत त्याने काहीच खाल्ले नाही, तर ‘रुळायला वेळ लागेल’ असे म्हणत थांबू नये. आतड्याची हालचाल मंदावली की हा प्राणी एक-दोन दिवसांत दगावू शकतो, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. देणाऱ्यानेही पहिल्या आठवड्यात एक-दोनदा फोन करावा आणि प्राणी कसा आहे या मोघम प्रश्नाऐवजी आज वजन किती भरले, ते विचारावे.